तळ्याची बातमी

कल्याण, फाल्गुन शुद्ध पंचमी

प्रिय सुमती,

तुला आणि परशुरामपंतांना माझे आशीर्वाद. तुझी दोन्ही पत्रे पोहोचली. दोन्हींत तू एकच विचारले आहेस, की दिवाळीत तू ठेवून गेलेल्या बायकांच्या मासिकातले मला काय आवडले. मी उत्तर धाडले नाही. आई पापड-कुरडयांत गुंतली असेल, असे तू मनात म्हटले असशील. तसे नाही गं. पापड यंदा अजून लाटलेच नाहीत. हे पत्र तू एकटी असशील तेव्हा वाच. सासूबाईंनी विचारले तर आईने खुशाली कळवली आहे म्हणून सांग. परशुरामपंतांना काय सांगायचे ते सगळे वाचून झाल्यावर तूच ठरव.

दिवाळीपासूनच सुरुवात करते. तू आणि तुझी नणंद हेमा माजघरात करंज्या भरत बसला होता आणि हेमा कुठल्याशा नव्या नाटकातले पद गुणगुणत होती. गोड गळा आहे पोरीचा. मी सहज विचारले, हे पद सूत्रधाराचे का गं? तशी ती हातातली करंजी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. 'मावशी, आता सूत्रधार कुठे गातो? नायिका आपली आपणच गाते!' म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली. मग तुम्ही दोघी मुंबईस भरलेल्या त्या मोठ्या सभेविषयी बोलू लागलात. दर नाताळात भरते, देशोदेशीचे वकील आणि शेटजी जमतात, असे काहीसे. मलाही बोलण्यात भाग घ्यावासा वाटला, म्हणून मी विचारले, ती कोणत्या देवळात भरते? हेमा काही बोलायच्या आत तू म्हणालीस, 'आई, तूप कढलं का बघ जरा.' मी उठून चुलीपाशी गेले. तूप कढत ठेवलेलेच नव्हते. रिकाम्या चुलीपुढे उभी राहून मी पदराने तोंड पुसत होते. पोटच्या पोरीने पाहुणीसमोर मला झाकून घेतले, आणि तेही इतक्या शहाणपणाने, की मला तुझ्यावर रागावताही येईना.

त्याच दिवशी जेवताना तुझ्या नानांनी परशुरामपंतांना सांगितले की ठाण्यास दरबार भरला, हत्तीवरून मिरवणूक निघाली, लोकांनी फुले उधळली. परशुरामपंत राहतात ठाण्यात! दारावरून हत्ती गेला असता तर त्यांना दिसला नसता का? पण मोठा गुणी जावई मिळाला आहे मला. घास गिळून म्हणाले, 'असेल, मी तेव्हा शाळेत शिकवत असेन.' तू मात्र ताटावरून मान वर करून माझ्याकडे पाहिलेस. मी वरण वाढायला दुसऱ्या पानाकडे वळले. तुला संशय आला होता, हे मला तेव्हाच कळले. कसला, ते तुला कळले नव्हते. ते आज सांगते.

तुला आठवत नसेल, तू लहान होतीस, पण या आळीत 'वाचणारी' म्हणजे मी एकटीच होते. तुझ्या नानांनी लग्नानंतर चोरून मला अक्षरे शिकवली आणि सासूबाईंना कळेपर्यंत मी जोडाक्षरांपर्यंत पोहोचले होते. नानांची ठाण्याच्या कचेरीतली शिरस्तेदारी, रोजचे आगगाडीचे जाणे-येणे. घरी आले की ओटीवर चारसहा मंडळी जमत आणि मी माजघराच्या दाराआड बसून वर्तमानपत्र वाची. काबूलची लढाई मी वाचली. देशावरचा दुष्काळ मी वाचला, वाचता वाचता रडले. कोणाच्या मुलाचे पत्र आले की बाया माझ्याकडे धावत. शेजारच्या रंगूबाईला तर मी नाकाने कांदे सोलून सांगत असे, की तुला काय कळणार, रशियाचा बादशहा कोण आणि कुठला! सुमे, मला रूप नव्हते, माहेरचे मोठेपण नव्हते. मला वाचता येत होते. माझे म्हणून जे काही होते, ते एवढेच.

नाना पेन्शनीत निघाले आणि लगोलग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मुंबईस इस्पितळात जाऊन काढून घ्यावा म्हणून परशुरामपंतांनी किती सांगितले, पण सुरी डोळ्याला लावायची म्हटल्यावर नाना तयार होईनात. ओटीवरची मंडळी एकेक करून गेली. कोणी वर, कोणी लेकाकडे परगावी. राहिलो आम्ही दोघे आणि आठवड्याला टपालाने येणारे ठाण्याचे वर्तमानपत्र. ते आले की नाना झोपाळ्यावर मांडी घालून बसत, मी खिडकीशी. तेवढे वाचन झाले की त्यांचा आठवडा जाई.

आणि मग माझे डोळे गेले. एकदम नाही. आधी दिवेलागणीनंतर अक्षरे दिसेनाशी झाली, मग उन्हातही. पत्र जवळ धरले तर सगळ्या काळ्या मुंग्या. लांब धरले तर जरा सुटी होत. पण लांब धरून धरून माझा हातच पुरेना. लांबचे मला लख्ख दिसते. देवळाच्या कळसावरचा कावळा दिसतो, खाडीतून येणाऱ्या होडीचे शीड दिसते. फक्त वाचायचे तेवढेच दिसत नाही. तुझ्या मासिकाची मी एक ओळ वाचलेली नाही. त्यावर तुझे नाव तू शाईने घातले आहेस, तेवढे मोठे आहे म्हणून वाचले, आणि ते मासिक देवाच्या कोनाड्यात ठेवून दिले. तुझ्या पत्रांचे अक्षर टपोरे, म्हणून ती अंगणात लांब धरून कशीबशी लागली. मी हे कोणाला सांगितले नाही. नानांना सांगायचे म्हणजे काय? तुमचे गेले आणि तुमच्यासाठी म्हणून जे होते तेही गेले, असेच ना? आणि रंगूबाईला कळले असते, तर तिला मी आजवर जे जे ऐकवले त्यानंतर काय तोंड दाखवायचे होते?

आधी मी फक्त मोठ्या टायपातले मथळे वाचून वेळ मारून नेई. खालचे दिसत नसे, ते गाळी. एकदा नानांनी विचारले, 'आज इतकंच?' त्यांचा चेहरा असा उतरला, की मी 'छे, मागे आहे की' म्हटले, पान उलटले आणि वाचू लागले. पत्र डोळ्यांसमोर धरलेले आणि बातमी माझ्या मनातली. वसईकडे पाऊस वेळेवर पडला. भिवंडीच्या रस्त्याला खडी टाकली. पुढे पुढे ते सोपे झाले. माझ्या पत्रात कोणी मरत नसे, पटकी येत नसे, कुठे आग लागत नसे. साहेबलोकांची बदली होत नसे, कारण नव्या साहेबांची नावे मला ठाऊक नव्हती. नाटकमंडळी ठाण्यास येत, पण ती आमच्या वेळची. आधी गणपती नाचणार, मग विदूषक, मग सूत्रधार सगळ्यांच्या वाटची पदे गाणार. डोळे होते तेव्हाचे जे जग मला माहीत होते, तेच धुऊन वाळवून मी नानांना दर आठवड्यास नवे म्हणून देत होते. तो हत्तीही मीच काढला. आणि खरे लिहिते, मला त्यात गोडी लागली होती. नाना हसत, मान डोलावत, 'वा, हे बरं झालं' म्हणत. खऱ्या बातमीला ते असे कधी म्हणत नसत.

आता तळ्याचे सांगते. गावच्या मोठ्या तळ्यातला गाळ काढावा, म्हणून पेन्शनीत आल्या आल्या नानांनीच पहिला अर्ज लिहिला होता, हे तुला माहीत आहे. दर उन्हाळ्यात त्या पाण्याने पोरे आजारी पडत. तो अर्ज वर्षानुवर्षे कचेऱ्यांतून फिरत राहिला. दिवाळीनंतर तुम्ही गेलात आणि नाना फार खिन्न झाले. जेवण कमी झाले. एके दिवशी म्हणाले, 'आपण केलेलं एकही काम मागे उरत नाही बघ.' त्या आठवड्यास मी वाचले, की तळ्याच्या कामास मंजुरी आली, कलेक्टरसाहेबांनी स्वतः लक्ष घातले. साहेबाचे नाव मी आमच्या वेळच्याच साहेबाचे घेतले. नानांनी मला ते पुन्हा वाचायला लावले. मी पुन्हा वाचले, जरा अधिकच रंगवून. त्या दिवशी त्यांनी दोनदा भात मागून घेतला. सुमे, त्यात मला पाप असे दिसलेच नाही.

माघात वाचनालयाची वार्षिक सभा होती. वाचनालय काढणाऱ्या जुन्या मंडळींतले आता नानाच तेवढे हयात, म्हणून चिटणीस त्र्यंबकराव मुद्दाम आमंत्रण घेऊन आले. नवे वकील झाले आहेत, तरतरीत गृहस्थ. नानांनी चार शब्द बोलावेत, असे म्हणाले. नाना कित्येक वर्षांत चारचौघांत गेले नव्हते. मी पुष्कळ अडवून पाहिले. थंडी आहे, खोकला आहे, गर्दीत धक्का लागेल. त्यांनी ऐकले नाही. पगडी काढून झटकायला लावली, उपरण्याची घडी स्वतः हाताने चाचपून पाहिली आणि दिवसभर भाषण पाठ करत बसले. तळ्याच्या मंजुरीबद्दल साहेबांचे आभार, असे त्यात होते. मी 'अहो' म्हणून जवळ गेले. सांगणारच होते. तोच ते म्हणाले, 'तू नसतीस तर या गावात मी असून नसल्यासारखाच होतो.' मी त्यांच्या अंगरख्याची नाडी बांधली.

सभा देवळाच्या सभामंडपात दुपारी भरली. आम्ही काही बायका कडेच्या पडवीत बसलो होतो. माझ्या शेजारी रंगूबाई. नानांना हाताला धरून पुढे नेले तेव्हा सगळे उठून उभे राहिले. सुरुवातीला ते फार छान बोलले. वाचनालयाला जागा नव्हती तेव्हा पुस्तके कोणाच्या पेटीत ठेवली, दिव्याला तेल कोणी दिले, सगळे. मग म्हणाले, ठाण्यास सध्या अमुक नाटकमंडळी आली आहे, तिला इकडे आणून वाचनालयासाठी एक खेळ करावा. ती मंडळी मोडून किती काळ लोटला, ते मला तिथेच कळले, कारण मागच्या बाजूला तरुण मुले एकमेकांच्या मांडीवर थापा मारून हसू लागली. एकाने जुन्या सूत्रधारासारखा नाकात सूर लावला. नानांना वाटले, मंडळींना कल्पना आवडली. तेही हसले. मला ते त्यांचे हसू अजून दिसते.

मग तळे आले. साहेबांचे नाव घेऊन नाना म्हणाले, 'सरकारने आपली हाक ऐकली, आता या सभेने त्यांचे आभार मानावेत.' हसणे थांबले. ते थांबणे हसण्यापेक्षा वाईट होते. रंगूबाईने मान वळवून माझ्याकडे पाहिले. अर्ज फेटाळला गेला होता, सुमे, हेही मला तिथेच कळले. सगळा गाव त्यावरून पेटला होता, आणि सभा झाल्यावर त्याच कामासाठी पुन्हा सह्या घ्यायच्या होत्या. मागून कोणीतरी ओरडले, 'पेन्शन बोलतंय!' दुसरा म्हणाला, 'खाली बसा, आजोबा!' नाना आवाजाच्या दिशेने मान वळवत राहिले, कोण, कुठून, काही समजेना. त्र्यंबकरावांनी हात वर करून मुलांना गप्प केले आणि मऊ आवाजात म्हणाले, 'नानासाहेब, आपणांस कोणी चुकीचं सांगितलं असेल. अर्ज नामंजूर झाला. आपल्या ठाण्याच्या पत्रातही आलं आहे. आणि ते साहेब तर केव्हाच विलायतेला गेले.' नाना म्हणाले, 'ठाण्याचं पत्र माझ्या घरी येतं. मी दर आठवड्यास ऐकतो.' मग ते थांबले. मी पडवीत खांबाला घट्ट धरून बसले होते. त्यांनी माझे नाव घेतले असते, तर मी तिथेच जमिनीत गेले असते, पण सुटलेही असते. ते म्हणाले, 'मग माझ्याच ऐकण्यात चुकलं असेल. वय झालं. मंडळींनी क्षमा करावी.' आणि बसायला गेले, तर मागे बैठक नव्हती. त्र्यंबकरावांनी सावरले.

घरी आलो. पगडी काढून माझ्या हातात दिली आणि झोपाळ्यावर बसून विचारले, 'अर्ज नामंजूर झाला, ते तू वाचलं होतंस ना मला?' एवढाच प्रश्न. त्यात राग नव्हता. उलट भीती होती, आणि मला ती कळली नाही. मला वाटले, ते मला धरायला बघताहेत. माझी सगळी अब्रू माझ्यासमोर उभी राहिली. आळीतली वाचणारी, ओटीवर जिचा आवाज ऐकायला मंडळी जमत, ती. आणि मी म्हटले, 'हो. वाचलं होतं.'

या एका 'हो'ने काय केले ते बघ. त्यांनी मान डोलावली, जशी ते माझ्या हत्तीच्या बातमीला डोलावत, आणि हलकेच म्हणाले, 'मग माझं डोकं गेलं.'

त्या दिवसापासून त्यांनी पत्र वाचायला सांगितलेले नाही. 'माझ्याजवळ वाचून काय उपयोग, मी भलतंच लक्षात ठेवणार,' म्हणतात. झोपाळ्यावर बसून स्वतःची परीक्षा घेतात. पावकी म्हणतात, निमकी म्हणतात, ज्यांच्या हाताखाली काम केले त्या साहेबांची नावे ओळीने म्हणतात. परवा औटकीत, साडेतीनच्या पाढ्यात, अडले. झोपेतून उठवले तरी जी औटकी त्यांना येत असे, तिच्यात. पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, पुन्हा तिथेच अडले. संध्येला बसले की मला विचारतात, 'अर्घ्य दिलं का मी?' दिलेले असते. ठणठणीत माणूस भीतीने चुकायला लागला आहे. मी त्यांना खोटी बातमी दिली होती, आता ती त्यांच्या अंगावर खरी होत चालली आहे.

मध्ये त्र्यंबकराव येऊन गेले. सभेत मुले वेडेवाकडे बोलली, म्हणून माफी मागायला आले होते. बिचारे नानांशी मोठ्याने आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलत होते, लहान मुलाशी बोलावे तसे. नाना शिरस्तेदार होते तेव्हा कचेरीतले गोरे साहेब त्यांच्याकडून मराठी कागद समजून घेत. नाना म्हणाले, 'तुमचं काही चुकलं नाही. म्हातारपणी माणसाचं डोकं जातं, एवढंच.' मी दाराआड होते. एक पाऊल पुढे टाकायचे आणि बोलायचे, एवढेच होते. मी पाणी आणि गूळ पुढे सरकवला. ते गेल्यावर सांगू म्हटले. ते गेले, आणि मी तांदूळ निवडायला बसले. लाज वाटते म्हणून खोटे बोलायचे आणि खोटे बोललो म्हणून अधिक लाज. यातून माझा पाय निघेना.

आज सकाळी नानांनी मला दौत आणि बोरू घेऊन समोर बसायला सांगितले. म्हणाले, 'सुमतीला लिही. तिच्या वडिलांची बुद्धी आता ठिकाणावर नाही. परशुरामपंतांनी रजा काढून यावं, घरचे व्यवहार आपल्या हाती घ्यावेत आणि मी काय सांगतो त्यावर विश्वास ठेवू नये.' एवढे सांगताना त्यांचा आवाज अगदी स्वच्छ होता, कचेरीत कागद सांगावा तसा. मला ते लिहिता येईना. बोरू बुडवला आणि त्याऐवजी हे लिहू लागले. अक्षर असे भोपळ्याएवढे आले आहे ते त्यामुळेच, याहून लहान काढले तर मला दिसत नाही. मधूनमधून ते विचारतात, 'इतकं काय लिहितेस?' मी म्हणते, घरचे चार शब्द घालते. म्हणजे पाहा, अजून खोटेच. पण आपल्या घरातून कोणतेही पत्र नानांना वाचून दाखवल्याशिवाय टपालात पडत नाही, हा त्यांचा शिरस्ता. सही झाली की ते 'वाच' म्हणणार. तोंडाने मला सांगता आले नाही, पुष्कळ वेळा उठले आणि पुष्कळ वेळा बसले. म्हणून हे तुला लिहिले आहे. तुला कळवायचे होतेच, पण त्याहून अधिक, त्यांना हे ऐकवायचे होते. आता मी एक ओळही न गाळता, एकही शब्द पदरचा न घालता हे वाचणार आहे. पुढे काय होईल ते होवो.

तुझीच,
आई

ता. क. पत्र दोन दिवस तसेच राहिले, म्हणून खाली जोडते. वाचून दाखवले. 'हो' म्हटल्याचे आले तिथे त्यांनी हात वर केला. मला वाटले, पुरे म्हणताहेत. पण म्हणाले, 'पुढे.' संपल्यावर एवढेच बोलले, 'म्हणजे मी ठिकाणावर आहे तर,' आणि भिंतीला हात लावत ओटीवर निघून गेले. त्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. वाढले ते जेवले, हातात दिले ते पाणी प्याले. आज सकाळी मला हाक मारली. म्हणाले, 'सुमतीला कळव, परशुरामपंतांनी तुझ्यासाठी चाळिशी बघून धाडावी. कचेरीत चाळिशी लागली नाही असा कारकून मी पाहिला नाही.' मला ते सुचले नव्हते असे नाही, पण नाकावर चाळिशी लावलेली बाई मी जन्मात पाहिलेली नाही. लोक हसतील, म्हटले. ते म्हणाले, 'हसू देत. मला हसले ते तू ऐकलंस. तुला हसतील ते मी ऐकीन.' यात राग किती आणि माया किती, ते मला उमगले नाही, आणि विचारायचे तोंड मला नाही. शिवाय त्यांनी त्र्यंबकरावांना निरोप धाडला आहे. तळ्याची खरी हकीकत त्यांच्याकडून ऐकायची आहे. पण त्याआधी सभेत जे झाले ते कोणामुळे झाले, हे त्यांना मी सांगायचे, दाराआडून नाही, समोर येऊन. नाना माझ्या वतीने काही बोलणार नाहीत, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. रंगूबाईलाही बोलावून घेतले आहे. ती येऊन बसलीसुद्धा, आणि माझ्याकडे बघत नाही. ओट्याशी वहाणा वाजल्या. पत्र इथेच मिटते. मी बाहेर जाते.